गटाच्या व्हॅनचे पाटे

चूल आवरून, भांडी पालथी घालून रेडिओपाशी बसला असाल. आज पापड-कुरडयांची कृती सांगणार नाही, त्याची चौकशी पुढच्या महिन्यात करा. आज आम्ही गाडीखालच्या कामाचं सांगणार आहोत. हसू नका. आमच्या घरातलेही आधी हसलेच होते.

आमच्या गटाची जुनी मारुती ओम्नी व्हॅन तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी आठवडी बाजारात पाहिली असेल. शेवया, कुरडया, चटण्या, शेंगदाण्याचे लाडू, सगळा माल तिच्यातून जातो आणि आम्हीही तिच्यातूनच जातो. या गाडीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर अजून इतक्या आहेत की सुटे भाग तालुक्याला मिळतात. आम्ही घेतली तेव्हाच ती चार हात फिरून आलेली होती. गेल्या वर्षी तिचा मागचा भाग डावीकडे कलायला लागला. प्रत्येक खड्ड्याला खालून कुरकुर, मग धप्प. आम्ही म्हणायचो, म्हातारी झाली, बोलणारच.

मग एका रात्री गटातल्या एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि तिला आम्ही त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. अकरा किलोमीटरचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला ती पोर ओरडत होती, आणि वळणावर गाडीची मागची बाजू सरकल्यासारखी वाटत होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रींकडे नेली.

मेस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, मागचे पाटे दोन्ही नवीन टाका, शॉकप चारही टाका, बुश सगळे, मजुरी धरून अठरा हजार. गटाच्या खात्यात तेव्हा नऊ हजार होते आणि त्यातले अडीच हजार डाळीच्या दुकानदाराचे. कर्ज काढायचं का, यावर बैठक झाली. तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी साधा प्रश्न विचारला, "अठरा हजारात वस्तूंचे किती आणि खोलायचे, धुवायचे, लावायचे किती?" मेस्त्रींना परत जाऊन विचारलं. माणूस भला. म्हणाले, निम्म्याहून जास्त मेहनत खोलण्यात आणि गंज काढण्यात जाते, आणि सगळंच बदलायला लागेल असं नाही, खोलल्यावर कळेल. तुम्ही खोला, मी येऊन बघतो. पण तीन गोष्टींना हात लावायचा नाही. त्या तीन गोष्टी कुठल्या, ते सांगतेच.

आधी गाडीखाली काय असतं ते समजून घेऊ. आपली बैलगाडी आठवा. चाकावर थेट साटा, मध्ये काही नाही. म्हणून दगडावरून चाक गेलं की दणका थेट कमरेत. टांग्याला मात्र चाकाच्या कण्यावर वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या असायच्या, एकीवर एक रचलेल्या. टांगा त्यामुळे डुलत जायचा. ओम्नीच्या मागच्या बाजूला तेच आहे. एक लांब मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेली कडी, आणि त्याखाली लहान होत गेलेले पाटे. मधोमध एक बोल्ट सगळ्यांना टोचून जातो, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. हा गठ्ठा चाकांच्या धुऱ्याला दोन यू-बोल्टांनी घट्ट बांधलेला असतो. पुढची कडी गाडीच्या अंगाला पिनेने जोडलेली, मागची कडी दोन पट्ट्यांच्या झुल्याला. पाटा दबला की लांबतो, म्हणून मागे झुला लागतो, त्याला शॅकल म्हणतात. कड्यांमध्ये रबराचे बुश. आणि शॉकपचं काम वेगळंच. वजन पाटा उचलतो, शॉकप फक्त डुलणं थांबवतो. शॉकप गेला तर गाडी पाळण्यासारखी हलत राहते. पाटा गेला तर गाडी बसते. आमची गाडी बसलीही होती आणि हलतही होती.

हे तुम्हीसुद्धा घरी तपासू शकता, पैसा लागत नाही. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजूंनी. आमच्या गाडीत डावीकडे सव्वादोन सेंटिमीटर कमी भरलं. मग गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर शॉकप ठीक. दोन-तीनदा उसळली तर गेला. शॉकपच्या अंगावर तेल ओघळून त्यावर धूळ बसली असेल तर दाबायचीही गरज नाही.

आता त्या तीन गोष्टी. पहिली, पुढच्या चाकांच्या वर जो उभा दांडा आणि त्याभोवती गोल स्प्रिंग असते ती. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा नट सोडला तर ती सुटून माणसाचा जबडा मोडेल इतक्या जोराने उडते. तिच्यासाठी दाबून धरायचं खास साधन लागतं आणि ते वापरायची सवय लागते. दुसरी, शॉकप खोलायचा नाही, कापायचा नाही, विस्तवात टाकायचा नाही. आत तेल असतं आणि काहींत दाबलेला वायू. बाजारात जुने शॉकप तेल भरून, रंग देऊन स्वस्तात मिळतात. आम्ही घेतले नाहीत. बाहेरून रंग दिसतो, आतली घासलेली सील दिसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ब्रेक. ब्रेकची नळी, त्याचा ड्रम, त्यातलं काही खोलायचं नाही, आणि तिथली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

काम आम्ही समाजमंदिरामागच्या फरशीवर केलं. मातीवर जॅक लावू नका, तो रुततो आणि तिरका होतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले, कारण उचलल्यावर चाक हाताबरोबर फिरतं. मग जॅकने उचलून, गाडीच्या मजबूत अंगाखाली मेस्त्रींच्या लोखंडी घोड्या लावल्या आणि वजन घोड्यांवर सोडलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय, काहीही घालायचं नाही. विटा रचूनही नाही. वीट तडकते आणि ती आधी सांगत नाही. आम्ही नियम केला होता की एक जण फक्त उभी राहून घोड्यांकडे आणि पोरांकडे लक्ष देईल. ते काम कंटाळवाणं म्हणून पाळीपाळीने. बांगड्या काढल्या, जुने पंजाबी ड्रेस घातले, ओढणी घरी. डोळ्यांना चष्मे लावले, कारण तारेच्या ब्रशने गंज उडतो तो डोळ्यातच शोधत येतो.

आणखी एक शहाणपण मेस्त्रींनी शिकवलं. दोन्ही बाजूंचे पाटे एकदम काढायचे नाहीत. एक बाजू पूर्ण खोलून, लावून झाली की दुसरी. एक बाजू जागेवर असली की धुरा घसरत नाही आणि काही विसरलं तर बघायला नमुना समोर असतो. पाटा सुटण्याआधी धुऱ्याखाली जॅकचा टेका दिला, म्हणजे धुरा ब्रेकच्या नळीला लोंबकळत नाही. शॉकपचा खालचा बोल्ट काढला, मग यू-बोल्ट, मग शॅकल, शेवटी पुढची पिन. लिहायला चार शब्द, करायला दोन दिवस. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री डिझेल लावून ठेवलं होतं तरी पुढची पिन हलेना. आमच्यातल्या दोघी पाण्याच्या हापशाला टेकतात तशा पान्याला टेकल्या तेव्हा ती करकरली. डिझेल रबराला आणि ब्रेकच्या आत लागू द्यायचं नाही. रबर फुगतं आणि ब्रेक निसटतो.

पाट्यांचा गठ्ठा उतरला तेव्हा कळलं, दोन बायकांचा भार आहे. खडूने पुढची बाजू कुठली आणि पाट्यांचा क्रम काय ते लिहिलं, फोनमध्ये फोटोही काढले. सेंटर बोल्ट सोडताना गठ्ठा शिकंज्यात धरायचा, कारण पाट्यांची कमान वेगवेगळी असते आणि बोल्ट निघाला की ते फटकन फाकतात. पाट्यांच्या मध्ये काय निघालं? चिखल, गंजाचे पापुद्रे आणि एक जुना दहा रुपयांचा बिल्ला. तो तिथे कसा गेला याचा निकाल अजून लागलेला नाही.

कुरकुर तिथूनच येत होती. पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत, ते गंजाने चिकटले होते. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आठ जणी, दोन दुपारी. इथे मजुरी वाचते. गंज काढायला शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती आपल्याकडे भांडी घासून आलेली आहे.

आता तडा शोधायची युक्ती. पाटा स्वच्छ पुसून त्याला डिझेल लावायचं, अर्धा तास ठेवायचं, मग कोरड्या फडक्याने अगदी कोरडा पुसायचा आणि वरून खडूची बारीक पूड भुरभुरायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटते. आम्ही आधी रांगोळी घेतली होती, ती जाड पडते. शाळेतून खडूचे तुकडे आणून वरवंट्याने वाटले. उजवीकडचे पाटे निर्मळ निघाले. डावीकडचा मुख्य पाटाही चांगला. त्याच्या खालच्या, दुसऱ्या पाट्याला मधल्या भोकाजवळ केसासारखी रेघ आली. पुसून परत केलं, परत तिथेच आली.

भांडण झालं ते इथे. गटातल्या एका ताईंचा दीर वेल्डिंग करतो. म्हणाला, दोनशे रुपयांत जोडून देतो, दिसणारही नाही. नवा पाटा तालुक्याला नव्हता, मागवून यायला आठ दिवस. म्हणजे दोन बाजार बुडणार, आणि तेव्हा लग्नसराई चालू होती, शेवयांना मागणी होती. निम्म्या बायका म्हणाल्या जोडून घ्या, दिवाळीत नवा टाकू. खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच जणींना ते पटलं होतं.

गावातल्या लोहारकाकांना विचारायला गेलो, ते अशासाठी की ऊसतोडीचा चांगला कोयता ते जुन्या पाट्याचाच करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पाटा हातात घेतला, ती रेघ पाहिली आणि म्हणाले, "याला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. कोयत्याला मी देतो तसंच. वेल्डिंगने तापेल तिथलं पाणी उतरेल. जोड सुटणार नाही, जोडाच्या शेजारी तुटेल." एवढंच. मग ते आपल्या भात्याकडे वळले. म्हणजे असं, की पाट्याची लवचीक ताकद त्याला ठरावीक तापवून, थंड करून आणलेली असते. वेल्डिंगची आग ती एका जागी बिघडवते. जोडलेला पाटा उभा दिसतो, पण दर खड्ड्याला त्याच जागी वाकतो. आणि दुसरा पाटा तुटला की त्याचा भार मुख्य पाट्यावर. मुख्य पाटा कडीजवळ तुटला तर धुरा जागेवरून सरकतो आणि चालती गाडी भलतीकडे ओढते. त्या रात्रीच्या वळणाची आठवण कुणी काढली नाही, काढायची गरज नव्हती.

ठरावाच्या वहीत लिहिलं, पाटा नवा आणायचा. दोन बाजार एसटीने डोक्यावर पाट्या घेऊन केले, विक्री निम्मीच झाली. त्या ताई चार दिवस बोलत नव्हत्या. दिराचा अपमान झाला असं त्यांना वाटलं, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, कारण आमच्यातली एक जरा जास्तच बोलली होती. पुढे घोड्यांचे वाकलेले पाय त्याच दिराने जोडून दिले, पैसे घेतले नाहीत, आणि ते त्याचं काम एक नंबर झालं. वेल्डिंग वाईट नाही, पाट्याला वाईट.

पाटा आणायला जाताना जुना पाटा आणि त्याच्या शेजारचाही बरोबर न्या. लांबी, रुंदी, जाडी आणि कमान चारही जुळली पाहिजे. जास्त वजन उचलेल म्हणून जाड पाटा किंवा एखादा जादा पाटा घालू नका. एका बाजूला तसं केलं तर गाडी उलट्या बाजूला कलते, आणि दोन्ही बाजूंना केलं तर गाडी दगडासारखी चालते आणि भार दुसरीकडे जातो. बसलेल्या पाट्यांना ठोकून परत कमान काढून देणारे पाटेवाले आहेत. मुख्य पाट्याची कमान आम्ही त्यांच्याकडून काढून घेतली, मजुरी नव्या पाट्याच्या पैशांतच धरली. ती नव्यासारखी टिकणार नाही, हे त्यांनीच सांगितलं.

रंगाचं थोडक्यात. आधी रेड ऑक्साइडचा हात, वाळल्यावर काळा. पाट्यांच्या एकमेकांना घासणाऱ्या बाजूंना रंग अगदी पातळ. जुळवताना मध्ये काळं ग्रॅफाइट ग्रीस बोटभर लावून बाहेर आलेलं पुसून टाकलं. आपल्या भागात धूळ फार, जास्त ग्रीस म्हणजे जास्त चिखल. काही गाड्यांत पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकचे तुकडे असतात, ते हरवू देऊ नका, आणि तिथे ग्रीस लावू नका.

लावताना तीन ठिकाणी आम्ही चुकता चुकता राहिलो, म्हणून सांगतो. सेंटर बोल्टचं डोकं धुऱ्यावरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. आमचं पहिल्यांदा कडेवर बसलं होतं, तसंच आवळलं असतं तर मागची चाकं तिरकी चालली असती. बुश घालताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी. आणि बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं लावून, गाडी जमिनीवर उतरवून, वजन पडल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि दोन महिन्यांत फाटतं. यू-बोल्ट मात्र जुने वापरूच नका, एकदा ताणलेला तो ताणलेलाच. त्यांचे नट एकेक करून पूर्ण नाही, तिरके-तिरके, थोडे-थोडे सगळे. शेवटी मेस्त्रींना बोलावून प्रत्येक नट त्यांच्या हाताने तपासून घेतला. दीडशे किलोमीटर चालल्यावर परत आवळले. प्रत्येक नट चतकोर फिरलाच.

पुढच्या दांड्यांचं काम मेस्त्रींनी त्यांच्याकडे केलं. आतले शॉकप चांगले निघाले, बदलावे लागले नाहीत. मागचे दोन्ही नवे घेतले, एक कधी घेऊ नका, जोडीनेच.

हिशेब वहीतून वाचते. बुश ६५०, यू-बोल्ट ४८०, सेंटर बोल्ट ६०, नवा पाटा आणि कमान ९००, मागचे शॉकप २,१००, रंग-ब्रश-पॉलिश पेपर-ग्रीस-डिझेल ५४०, मेस्त्रींची मजुरी १,५००, चाकांचं अलाइनमेंट ४००. एकूण ६,६३० रुपये. दोन बुडालेले बाजार यात धरलेले नाहीत. ते धरले तरी अठरा हजारांच्या बरेच खाली. डाळवाल्याला थोडं थांबावं लागलं. आमची आठ जणींची अकरा दिवसांची मेहनत कशात धरायची यावर वहीत रिकामी ओळ सोडली आहे, कारण त्यावरही बैठकीत एकमत झालं नाही.

आता दोन्ही बाजू टेपने सारख्या भरतात. कुरकुर गेली. बाजाराला जाताना कमी पोती घेतो आणि माल कमी असेल तेव्हाच बायका जास्त बसतात, कारण पाटे मुळात बसले होते ते आमच्याच भराभरीने. तडा गेलेला पाटा लोहारकाकांना दिला. त्यांनी खराब भाग टाकून बाकीच्याच्या दोन विळ्या केल्या. एक समाजमंदिराच्या स्वयंपाकघरात आहे, दुसरी त्या ताईंकडे.

बुधवारी दुपारी शेजारच्या गावच्या गटाची गाडी आमच्याकडे येणार आहे, तिचेही पाटे खोलायचे आहेत. ज्यांना बघायचं आहे त्यांनी तीन वाजता समाजमंदिरामागे यावं. जुने कपडे घाला, लहान पोरं घरी ठेवा आणि घरात खडूचे तुकडे असतील तर घेऊन या. नमस्कार.